दुर्बिणीचे कारागीर : जॉन डॉब्सन
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



प्रतिवर्षी या व्यासपीठावरून एखाद्या सत्पुरुषाचे पुण्यस्मरण करावे, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. बहुधा तो पुरुष आपल्या ज्ञातीतील, निदान आपल्या प्रांतातील असतो. या खेपेस विषयाची निवड चिटणीसांनी आम्हांवर सोपविली. आम्ही निवडलेले नाव ऐकून ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. ते नाव जॉन डॉब्सन. जन्म चीनमध्ये, आयुष्य अमेरिकेत, आणि कीर्ती दुर्बिणी करणारा म्हणून! अशा माणसाचा आपल्या मंडळाशी संबंध काय, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर प्रथम देतो.

आपली ज्ञाती हत्यारांवर जगलेली ज्ञाती आहे. रंधा, पटाशी, वाकस, किकरे आणि गुण्या ही आपल्या वाडवडिलांची दौलत. दसऱ्याला आपण त्यांची पूजा करतो. परंतु दुसऱ्या दिवशी तीच हत्यारे आपल्या मुलांच्या हाती देताना आपणांस संकोच वाटतो. मुलगा शिकला म्हणजे त्याचा हात हत्यारापासून सुटला, अशी शिक्षणाची व्याख्याच आपण करून ठेवली आहे. जॉन डॉब्सन हे रसायनशास्त्राचे पदवीधर. पुढे ते संन्यस्त वृत्तीने मठात राहिले. आणि तरीही आयुष्यभर ते काच घासत, लाकूड कापत आणि खिळे ठोकत राहिले. विद्या, वैराग्य आणि कारागिरी ही तिन्ही एका देही नांदू शकतात, हे त्यांनी दाखविले. म्हणून त्यांचे स्मरण याच मंडपात व्हावे, असे आम्हांस वाटले.

प्रथम चरित्र थोडक्यात सांगतो. डॉब्सन यांचा जन्म १४ सप्टेंबर १९१५ रोजी पेकिंग येथे झाला. वडील तेथील विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवीत. १९२७ मध्ये हे कुटुंब सॅन फ्रान्सिस्को येथे आले. १९४३ मध्ये डॉब्सन बर्कले येथील विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले. तारुण्यात ते कडवे निरीश्वरवादी होते. परंतु सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत त्यांनी स्वामी अशोकानंद यांचे प्रवचन ऐकले आणि त्यांच्या आयुष्याचा ओघ पालटला. १९४४ मध्ये ते त्या मठात दाखल झाले.

येथे आपल्या भूमीशी असलेला एक धागा सांगितलाच पाहिजे. ३१ मे १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी मुंबई बंदरातून प्रयाण केले, ते शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेसाठी. पुढे अमेरिकेच्या दुसऱ्या प्रवासात, १९०० मध्ये, त्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे वेदान्त सोसायटीची स्थापना केली. डॉब्सन घडले ते त्याच संस्थेत. मुंबईच्या धक्क्यावरून जे बीज गेले, त्याला साठ-सत्तर वर्षांनी दुर्बिणीचे फळ यावे, हा योग विलक्षण खरा!

मठात डॉब्सन यांच्याकडे एक काम सोपविलेले होते. वेदान्ताची शिकवण आणि आधुनिक विज्ञान यांची संगती कशी लागते, याचा त्यांनी विचार करावयाचा. विश्वाचा विचार करावयाचा तर विश्व डोळ्यांनी पाहिले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. दुर्बीण विकत घेण्यास पैसा नव्हता. तेव्हा १९५६ मध्ये जुन्या बाजारातील एक भिंग आणि जुन्या द्विनेत्रीची एक नेत्रिका घेऊन त्यांनी पहिली लहान दुर्बीण जुळविली. त्यानंतर मोडीत निघालेल्या जहाजाच्या गोल खिडकीची जाड काच त्यांनी मिळविली आणि ती स्वतः घासून बारा इंच व्यासाचा आरसा केला. त्या आरशातून त्यांनी अर्धा उजळलेला चंद्र पाहिला. त्यावरील खड्डे, डोंगर आणि त्यांच्या लांब पडलेल्या सावल्या पाहून ते थक्क झाले. आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हा की, हे सर्वांनी पाहिले पाहिजे.

मंडळी, दुर्मिळ वस्तू हाती आली की माणूस साधारणतः ती कोठे जपून ठेवावी याचा विचार करतो. या माणसाने ती कोणाकोणाला दाखवावी याचा विचार केला. त्यांचे पुढील सारे आयुष्य त्या एका विचारातून निघाले.

आता हा आरसा घासतात कसा, ते सांगतो. येथे बसलेल्या वृद्ध कारागिरांना ते विशेष रुचेल. सारख्या आकाराच्या दोन जाड, गोल काचा घ्यावयाच्या. एक बाकावर पक्की बसवावयाची. तिच्यावर कार्बोरंडमची भरड भुकटी आणि थोडे पाणी टाकून दुसरी काच तिच्यावर पुढे-मागे घासावयाची. घासताना कारागीर बाकाभोवती हळूहळू फिरतो आणि वरची काचही हातातल्या हातात थोडी थोडी फिरवितो. वरची काच पुढे सरकली की तिचा मध्य खालच्या काचेच्या कडेवर येतो व दाब तेथे पडतो. त्यामुळे वरची काच मध्यभागी झिजते आणि खालची कडेला झिजते. म्हणजे वरची आपोआप अंतर्गोल होते व खालची बहिर्गोल. कोणत्याही दिशेने सरकविले तरी दोन पृष्ठे सर्वत्र एकमेकांस चिकटून राहावयाची असतील, तर ती गोलाचाच भाग असली पाहिजेत. ही भूमिती कारागिराला पाठ करावी लागत नाही. ती त्याच्या हातून घडते.

मग भुकटी अधिकाधिक बारीक घेत जावयाची. शेवटी खालच्या काचेवर डांबराचा थर देऊन त्यावर सेरियम ऑक्साईडसारख्या अतिसूक्ष्म भुकटीने चकाकी आणावयाची. सहा इंचांचा व चार फूट नाभ्यंतराचा आरसा घेतला, तर त्याची मध्यभागीची खोली जेमतेम सव्वा मिलिमीटर असते. परंतु तेवढ्याने भागत नाही. ताऱ्याचे किरण एका बिंदूत यावेत म्हणून त्या गोलाकाराला शेवटी किंचित निराळे वळण, ज्याला गणिती अन्वस्त म्हणतात, ते द्यावे लागते. या दोन आकारांतील फरक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. एवढी सूक्ष्मता यंत्रावाचून, केवळ हाताच्या दाबाने आणि धीराने साधते, हे ऐकून नव्या पिढीस नवल वाटेल. ज्यांनी रंध्याच्या एका हाताने फळीची कड डोळ्यापुढे धरून सरळ केली आहे, त्यांस मात्र ते ऐकताच पटेल.

ही विद्या डॉब्सन यांनी शोधिली असे नव्हे. परावर्ती दुर्बीण प्रथम न्यूटनने १६६८ मध्ये स्वतःच्या हातांनी केली. विल्यम हर्शेल हा पेशाने वादक. इंग्लंडमधील बाथ गावी राहत्या घरात तो आरसे घाशी. एकदा सोळा तास त्याने आरशावरून हात उचलला नाही. बहीण कॅरोलाईन त्याच्या तोंडात घास भरवीत होती. अशाच घरगुती दुर्बिणीतून १३ मार्च १७८१ रोजी त्याला युरेनस हा ग्रह गवसला. पुढे १९२० मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी रसेल पोर्टर यांनी यंत्रकारखान्यांतील कामगारांचा वर्ग भरवून त्यांस आरसे घासावयास शिकविले. ही थोर परंपरा होती. तिच्यात डॉब्सन यांनी भर घातली ती स्वस्ताईची आणि सोपेपणाची.

१९५८ मध्ये डॉब्सन यांना सॅक्रामेंटो येथील आश्रमात धाडण्यात आले. तेथे रात्री ते आपली दुर्बीण चाकांवर घालून कुंपणाबाहेर नेत आणि शेजारपाजारच्या मुलांना आकाश दाखवीत. आश्रमाच्या शिस्तीत हे बसण्याजोगे नव्हते. म्हणून मित्रांना लिहिलेल्या पत्रांत ते दुर्बिणीचा उल्लेख ‘जिरेनियम’ या फुलझाडाच्या नावाने करीत. आरशाला चकाकी चढली म्हणजे झाडाला फूल आले! परंतु झाकलेला दिवा किती काळ झाकून राहणार? रात्री-अपरात्री मठाबाहेर राहणे वरिष्ठांना मान्य झाले नाही आणि १९६७ मध्ये, तेवीस वर्षांच्या वास्तव्यानंतर, त्यांना मठ सोडावा लागला.

या प्रसंगात मठास दूषण देण्याचा आमचा मानस नाही. संस्था म्हटली की नियम आले आणि नियम म्हटले की ते सर्वांना सारखे लागू पडावे लागतात. स्वतः डॉब्सन यांची वेदान्तावरील श्रद्धाही त्यामुळे ढळली नाही. परंतु संस्था चालविणाऱ्या आपणां सर्वांनी एक गोष्ट मनात ठेवावी. एखाद्याचा ध्यास आपल्या नियमपुस्तकात बसत नसेल, तर तो ध्यास खोटा ठरतो असे नाही. कधी कधी पुस्तकाचीच पाने कमी पडतात.

मठाबाहेर पडले तेव्हा डॉब्सन पन्नाशी ओलांडलेले होते. घर नाही, नोकरी नाही, संपत्ती नाही. त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर दुर्बीण मांडावयास आरंभ केला. येणाऱ्या-जाणाऱ्यास ते हाक मारीत : या, चंद्र पाहा, या, शनीची कडी पाहा. पैसा घेत नसत. काही तरुण त्यांच्याकडे दुर्बीण करावयास शिकू लागले. त्यांतील एका मुलाने बारा इंचांची दुर्बीण केली. परंतु वय लहान म्हणून गावातील हौशी खगोलनिरीक्षकांच्या मंडळात त्याला प्रवेश मिळेना. तेव्हा १९६८ मध्ये डॉब्सन आणि ही मुले यांनी मिळून स्वतःचीच संस्था काढली. तिचे नाव ‘सॅन फ्रान्सिस्को साइडवॉक ॲस्ट्रॉनॉमर्स’, म्हणजे पदपथावरचे खगोलनिरीक्षक. चार भिंती नाहीत, मानपानाची खुर्ची नाही. जेथे दुर्बीण उभी तेथे सभा.

आता त्यांच्या दुर्बिणीच्या बैठकीविषयी दोन शब्द. मोठ्या दुर्बिणींची बैठक त्या काळी ध्रुवाकडे रोखलेल्या आसावर, जड लोखंडाची केलेली असे. ती करावयास लेथ हवे आणि पैसा हवा. डॉब्सन यांनी ते सारे दूर सारले. काँक्रीटचे गोल खांब ओतण्यासाठी तिकडे पुठ्ठ्याच्या जाड नळ्या मिळतात. ती नळी हीच दुर्बिणीची नळी. तिला धरण्यास प्लायवूडचे एक उघडे खोके. खोके गोल फिरते, नळी वरखाली झुलते, तोफेची नळी झुलते तशी. खोके जेथे टेकते तेथे टेफ्लॉनचे लहान तुकडे आणि त्यांच्यावर आपल्याकडील सनमायकासारखा गुळगुळीत पृष्ठभाग. टेफ्लॉन म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यावर ज्याचा लेप असतो तो पदार्थ. त्याचा गुण असा की, थांबलेली वस्तू हलविण्यास लागणारा जोर आणि हलती वस्तू हलती ठेवण्यास लागणारा जोर जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे बोट लावताच दुर्बीण हिसका न देता सरकते आणि बोट काढताच जागच्या जागी राहते. आरसाही जुन्या नियमाप्रमाणे फार जाड नको. पातळ काच नीट टेकविली म्हणजे झाले. या रीतीने त्यांनी चोवीस इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी केली. एवढी मोठी दुर्बीण हौशी माणसाजवळ असणे त्या काळी स्वप्नवत होते.

या बैठकीला आज जगभर ‘डॉब्सनियन’ म्हणतात. कारखाने तशा दुर्बिणी करून विकतात. डॉब्सन यांनी मात्र तिचे पेटंट घेतले नाही. युद्धातल्या तोफा शतकानुशतके अशाच फिरत आल्या आहेत, मग मी नवे ते काय केले, असे ते म्हणत. कला गुप्त ठेवून मोठे झालेले कारागीर आम्ही पाहिले आहेत. कला उघडी करून मोठा झालेला कारागीर विरळा.

या बैठकीत उणे नाही असे नव्हे. पृथ्वी फिरत असल्यामुळे तारे दृष्टिक्षेत्रातून सरकत जातात. शंभरपट मोठे दिसणारी नेत्रिका लावली तर ग्रह सुमारे दोन मिनिटांत कडेला जातो आणि दुर्बीण हाताने सरकवावी लागते. दीर्घकाळ छायाचित्र घेण्यास ही रचना सोयीची नाही. परंतु आम्हां शिक्षकांच्या दृष्टीने हा दोषही गुणच आहे. पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचणे निराळे आणि शनी आपल्या डोळ्यांसमोर सरकत जाताना पाहणे निराळे.

डॉब्सन यांची सगळीच मते मान्य करावी असेही नाही. महास्फोटाचा सिद्धान्त त्यांना पटला नाही. विश्वाविषयी त्यांची स्वतःची एक कल्पना होती आणि खगोलशास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. पण त्यांनी कधी कोणास आधी माझे मत माना आणि मग शनी पाहा, असे सांगितले नाही. रांगेतल्या माणसाला त्यांनी दाखविले ते आकाश. मत ज्याचे त्याने करावे.

पुढे ते आपल्या दुर्बिणी मोटारीत घालून राष्ट्रीय उद्यानांत, जेथे दिव्यांचा उजेड नाही अशा ठिकाणी नेऊ लागले. अशी कथा सांगतात की, एका उद्यानाच्या रक्षकाने त्यांस हरकत घेतली; म्हणाला, आकाश हा काही उद्यानाचा भाग नाही. डॉब्सन उत्तरले, खरे आहे. पण उद्यान हा आकाशाचा भाग आहे. दुर्बिणीची थोरवी आरशाच्या इंचांवर मोजू नये, आपल्याहून कमनशिबी अशा किती माणसांनी तीतून पाहिले त्यावर मोजावी, ही त्यांची शिकवण. वृद्धापकाळीही ते शिकवीत आणि दाखवीत राहिले. १५ जानेवारी २०१४ रोजी कॅलिफोर्नियातील बरबँक येथे, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या या शिकवणीचा एक दाखला आपणांपैकी अनेकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. १९९७ च्या मार्च-एप्रिलमध्ये सायंकाळी वायव्येस एक झळझळीत शेपटीचा धूमकेतू दिसत असे. तो हेल-बॉप. २३ जुलै १९९५ च्या रात्री तो दोघांनी निरनिराळ्या ठिकाणांहून शोधला. त्यांतील थॉमस बॉप यांच्याजवळ स्वतःची दुर्बीणच नव्हती. मित्राने आपल्या साडेसतरा इंची डॉब्सनियन दुर्बिणीशी त्यांना उभे राहू दिले, म्हणून त्यांचे नाव त्या धूमकेतूस लाभले. दुर्बिणीच्या धन्याने नेत्रिकेवरील हक्क स्वतःपाशीच ठेवला असता तर?

याच्या उलट चित्रही आम्ही पाहिले आहे. आम्ही ज्या शाळांत अध्यापन केले, त्यांतील एका शाळेत उत्तम पितळी दुर्बीण होती. ती काचेच्या कपाटात कुलूपबंद असे. तपासणीच्या दिवशी शिपाई ती पुसून मेजावर मांडी आणि सायंकाळी पुन्हा कुलूप लागे. कितीएक तुकड्या त्या कपाटासमोरून शिकून बाहेर पडल्या. शनीची कडी मात्र त्यांनी फळ्यावर खडूने काढलेलीच पाहिली. आणि ज्या समाजाला आकाश दाखविले जात नाही, तो आकाशाला भितो. १६ फेब्रुवारी १९८० रोजी सूर्यग्रहण लागले तेव्हा आपल्या मोठमोठ्या शहरांचे रस्ते ओस पडले होते, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. सूर्याकडे योग्य गाळणीवाचून पाहू नये हे शास्त्र आहे; दारे-खिडक्या लावून बसावे ही भीती आहे. दुर्बीणवाला माणूस चौकात उभा असला म्हणजे या दोहोंतील भेद लोकांना समजतो.

आपल्याकडे हे काम झालेच नाही, असे आम्ही म्हणत नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणीत आली आहे आणि पुण्याच्याच आयुका या संस्थेने आरसे घासून दुर्बिणी करण्याच्या कार्यशाळा भरविल्या आहेत. म्हणजे मार्गदर्शकाची वाण नाही. वाण आहे ती हातांची. आणि हात तर आपल्याच घरी आहेत.

म्हणून या प्रसंगी मंडळापुढे आम्ही एक सूचना ठेवितो. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आपण दरसाल करतो, तो अवश्य करावा. परंतु येत्या उन्हाळ्याच्या सुटीत त्या विद्यार्थ्यांना आठ-दहा रविवार एकत्र बसवावे. सहा इंचांच्या काचा आणाव्यात. आरसा मुलामुलींनी घासावा. प्लायवूडचे खोके ज्यांच्या हातांत अद्याप कसब आहे अशा आपल्या वृद्धांनी त्यांच्याकडून करवून घ्यावे. आजोबा नातवाला गुण्या धरावयास शिकवतील, नात आजोबांना गुरूचे चंद्र दाखवील. आणि दुर्बीण सिद्ध झाली म्हणजे ती मंडळाच्या कपाटात ठेवू नये. ती आठवड्याच्या बाजारी चौकात उभी करावी. रांगेत जो उभा राहील त्याला पाहू द्यावे. त्याचे गाव विचारू नये, कुळ विचारू नये, जात तर मुळीच विचारू नये. ज्ञातीने केलेली वस्तू साऱ्या गावाच्या उपयोगी पडावी, याहून ज्ञातीची मोठी शोभा ती कोणती? आपल्या पूर्वजांनी केलेले नांगर, गाड्या आणि देव्हारे काही आपल्याच घरात राहिले नाहीत. ते गावभर गेले, म्हणून आपणांस गावात मान मिळाला.

जॉन डॉब्सन यांनी मागे इस्टेट ठेवली नाही. पृथ्वीच्या पाठीवर ठिकठिकाणच्या रस्त्यांवर आज रात्रीही कोणीतरी प्लायवूडचे खोके मांडून अनोळखी माणसाला हाक मारीत असेल, हेच त्यांचे मागे राहिलेले धन. त्या धनातील एक वाटा आपल्या मुलांच्या पदरी पडावा, एवढी इच्छा आम्ही व्यक्त करतो.